सेवा करा, पेनी सांभाळा

इंग्लंड-वेल्समध्ये राहता आणि आई अंथरुणाला खिळली आहे? मग केअरर्स अलाउन्सचा, म्हणजे आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा, अर्ज भराच. आठवड्याला किमान 35 तास सेवा करायची. 2024-25 मध्ये त्याचे आठवड्याला 81.90 पौंड मिळत. तासाला किती पडले, हा भागाकार करत बसू नका, तेवढ्यात आईची चादर बदलून होते.

शिकायचं खूळ असेल तर आवरा. आठवड्याला 21 तास अभ्यास केलात की भत्ता बंद. नोकरी मात्र खुशाल करा. तेव्हा कर वगैरे वजा जाता आठवड्याला 151 पौंडांपर्यंत कमाईची मुभा होती. वर एक पेनी गेली की भत्त्यातून एक पेनी कापत नसत, त्या आठवड्याचा अख्खा भत्ताच जाई. म्हणून साहेब जादा काम देऊ लागला तर हात जोडून नको म्हणा.

आणि मर्यादा ओलांडलीच तर? संगणकाला लगेच कळतं. कर खात्याकडचा पगाराचा आकडा भत्तेवाल्या खात्याकडे आपोआप जातो आणि तिथे इशारा उमटतो. वर्षानुवर्षं यातले जेमतेम निम्मे इशारे कुणी उघडून पाहत, बाकीचे पडून. त्यांच्या गप्प बसण्याला होकार समजू नका. दर आठवड्याला एक पेनी जास्त, असं वर्षभर चाललं की 52 पेनी नव्हे, 4,258.80 पौंड परत मागतात. वर 50 पौंड दंड होऊ शकतो. त्यांना ठाऊक असलेली गोष्ट तुम्ही त्यांना कळवली नाहीत ना!

तेव्हा कळवाच. ऑनलाइन फॉर्म आहे. रात्री, एका हाताने आईच्या ओठांशी फीडिंग कप धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने 'परिस्थितीतला बदल' निवडा. तिला ठसका लागला तर आधी हनुवटी पुसा, गाऊन बदला. परत याल तेव्हा पान बंद झालेलं असेल. पुन्हा श्रीगणेशा.

पगार कमी-जास्त होत असेल तर सरासरी काढतात. ती कशी काढायची, याच्या खात्याच्या स्वतःच्या सूचनाच कित्येक वर्षं चुकीच्या होत्या, हे 2025 मध्ये सरकारनेच चौकशीला नेमलेल्या लिझ सेस यांच्या अहवालातून बाहेर आलं. त्यांची झाली ती गफलत, तुमची ती थकबाकी. एप्रिल 2025 मध्ये कमाईची मर्यादा 196 पौंड झाली. कडा तीच, चार पावलं पुढे सरकवलेली.

वसुलीचं पत्र आलं की चहाच्या डब्यामागे ठेवा. आई विचारेल, "कुणाचं आलंय?"

लाइट बिल म्हणून सांगा.