आपोआप शिकतात, पण काय?
मुलं रोब्लॉक्स, माइनक्राफ्टसारख्या ऑनलाइन खेळांच्या आभासी जगात वावरतात, त्यामुळे डिजिटल साक्षरता त्यांच्या आपोआप अंगवळणी पडते, असं एका लेखात म्हटलंय. हे अर्धंच खरं आहे. माझा भाचा अमळनेरला सातवीत आहे. रोब्लॉक्समध्ये त्याचा हात धरणारा गल्लीत कोणी नाही. तरी दिवाळीच्या सुट्टीत 'फुकट रोबक्स' (रोब्लॉक्समधलं, एरवी खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं चलन) देणारी साइट उघडून बसला होता. आधी युजरनेम विचारलं, मग 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणत कुठलंसं ॲप डाउनलोड करायला लावलं, आणि शेवटी पासवर्डची चौकट. तिथे अडल्यावर म्हणाला, "मामा, हाई खरं शे का?" फुकट रोबक्स देणाऱ्या अशा साइट फसव्या असतात, हे रोब्लॉक्स कंपनी स्वतःच सांगते. पण ते तपासायचं कुठे, हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं.

बटणं सफाईने दाबणं वेगळं आणि समोरची माहिती पारखणं वेगळं. आपल्याकडे कपाशीचं बियाणं घेताना शेतकरी पाकिटावरचा लॉट नंबर बघतो, पक्कं बिल मागतो. ही सवय आपोआप लागलेली नाही, बोगस बियाण्याने पोळलेल्यांनी ती इतरांना लावली. लेखात पालकांचं नावही नाही, पैसे मात्र त्यांच्याच यूपीआयमधून जातात. ते अशा फसवणुकीत गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं असतं. निदान हा नंबर तरी लेखात द्यायला हवा होता.