गणित न शिकण्याचे दोन राजमार्ग

भूमिती शिकायला एखादा झटपट रस्ता नाही का, असं टॉलेमी राजाने विचारल्यावर युक्लिडने त्याला ‘भूमितीला राजमार्ग नसतो’ म्हणून सुनावलं, अशी आख्यायिका आहे. बिचाऱ्या युक्लिडने आपला नाशिकचा कॉलेज रोड पाहिला नव्हता. संध्याकाळी सहाला तिथे उभे राहा. दुतर्फा क्लासच्या पाट्या, पाट्यांवर पोरांचे पासपोर्ट फोटो, फोटोखाली टक्के, आणि गाड्या आडव्या लावून ताटकळलेले पालक. राजमार्ग म्हणतात तो आणखी वेगळा काय असणार?

तर तुम्ही दहावीत गेला आहात. (तुमचं पोर गेलं असेल तरी हरकत नाही, मनस्ताप तेवढाच.) गणिताला क्लास लावायचा की घरीच अभ्यास करायचा, यावरून रात्रीच्या जेवणावेळी वादाला तोंड फुटलं असेल. या वादात शाळेचं नाव कुणी काढणार नाही, तुम्हीही काढू नका. शाळा अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपुरती असते. वर्गात बाई शिकवताना कानावर काही पडलं तर पडू द्यावं, पण मुद्दाम लक्ष देऊन घरच्यांनी भरलेली फी वाया घालवू नये. बीजगणिताचे ४० आणि भूमितीचे ४० कुठून आणायचे, एवढाच काय तो प्रश्न. दोन्ही वाटांनी मी स्वतः गेलो आहे आणि दोन्हींवरून कोरडाठाक परत आलो आहे, तेव्हा हा सल्ला अनुभवाचा समजावा.

आधी क्लासचं बघू. क्लास निवडताना शिकवणं बघू नये, जिने मोजावेत. चौथा मजला आणि बंद लिफ्ट असेल तर डोळे मिटून प्रवेश घ्या; धापा टाकत आलेलं पोर शंका विचारत नाही. माझा क्लास तिसऱ्या मजल्यावर होता, खाली झेरॉक्सचं दुकान. बॅच सकाळी साडेसहाची. डिसेंबरात नाशिकची थंडी काय चीज असते ते सांगायला नको. सत्तर पोरं कानटोप्या घालून, हात मांड्यांखाली घालून बसलेली. सर यायचे, फळ्याकडे तोंड करायचे आणि तासभर फळ्याशी बोलायचे. वर्गसमीकरणाचं सूत्र तर ते म्हणूनच घ्यायचे. ‘मायनस बी, प्लस ऑर मायनस, रूट ऑफ बी स्क्वेअर मायनस फोर एसी, होल अपॉन टू ए!’ सत्तर गळे एका सुरात. पहाटेच्या काकड आरतीला इतकी माणसं जमत नसतील.

ते सूत्र मला आजही झोपेत म्हणता येतं. ते आलं कुठून, असा प्रश्न त्या वर्षात मला एकदाही पडला नाही, हे क्लासचं खरं यश. त्याच धड्यात आधी पूर्ण वर्ग पद्धत दिलेली असते. त्या पद्धतीने आकड्यांऐवजी अक्षरं घेऊन एकदाच समीकरण सोडवलं की शेवटच्या ओळीत हेच सूत्र उभं राहतं. सरांनी ती पानं ‘हे घरी वाचा’ म्हणून उलटली. घरी ती कुणी वाचली असेल, तर तो आमच्या बॅचचा नव्हता.

क्लासमध्ये एकच पथ्य पाळायचं. ‘समजलं?’ असा आवाज आला की ‘हो सर’ म्हणायचं. मी एकदा ‘नाही’ म्हटलं होतं. सरांनी तेच वाक्य जसंच्या तसं, फक्त थोडं मोठ्याने पुन्हा म्हटलं, आणि पुढच्या बाकांवरच्या सगळ्या कानटोप्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हापासून मला सगळं समजतं.

बाकी काम उतरवून घेण्याचं. रामकुंडावर पायरीवर बसून पाण्यात उड्या टाकणारी पोरं बघावीत, तशी फळ्यावरची गणितं बघायची. पोहणं किती सोपं आहे हे काठावरून जेवढं कळतं तेवढं पाण्यात कळत नाही. वर्षाच्या शेवटी माझ्याकडे दोन जाडजूड वह्या होत्या, लाल समासाच्या, अक्षर देखणं, उत्तराला दुहेरी अधोरेखा. आत एकही चूक नव्हती. असणार कशी, त्यातलं एकही गणित मी सोडवलेलं नव्हतं.

एवढा जिना चढायची तयारी नसेल तर स्वयंअध्ययन आहेच. फारच स्वाभिमानी असाल तर शाळाही सोडून बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरा, मग कुणाच्या बापाचं ऐकायला नको. सुरुवात वेळापत्रकाने करा. ते चार रंगांच्या स्केचपेननी काढावं, त्यात पहाटे पाचची ओळ असावी, आणि सगळं तयार होईपर्यंत रविवार संपलेला असावा. पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते डाउनलोड करा. डाउनलोड झालं की निम्मा अभ्यास झाल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं मोडू नये. पुढे व्हिडिओ. ते दीडपट वेगाने लावा. जे समजायचं नाही ते दीडपट लवकर समजत नाही, तेवढाच वेळ वाचतो.

घरी ‘हे कशाला शिकायचं?’ असं कुणी विचारणारं नसतं, तसं ‘हे चुकलंय’ म्हणणारंही नसतं. हा फायदा क्लासपेक्षा मोठा. पुस्तकाच्या मागे उत्तरसूची असते. आपलं उत्तर उणे तीन आलं आणि मागे अधिक तीन दिसलं, की ‘हां, तेच म्हणायचं होतं मला’ असं पुटपुटून चिन्ह दुरुस्त करावं आणि पुढचं गणित घ्यावं. चिन्ह कुठे हरवलं याचा तपास म्हणजे पोलिसांची कामं.

घरचे फार मागे लागले तर रामानुजन यांचं नाव घ्या. सोळाव्या वर्षी एक सूत्रसंग्रह हाती आला आणि त्या जोरावर ते एकटेच शिकत गेले, इथवर सांगून गप्प बसा. बाकीच्या विषयांकडे पाठ फिरवल्यामुळे ते पुढे कॉलेजच्या परीक्षेत नापास झाले, हे आईला सांगायची गरज नाही. आणि तो संग्रह लिहिणारा जॉर्ज कार हा केंब्रिजच्या परीक्षेची तयारी करून घेणारा शिकवणीवाला होता, म्हणजे रामानुजनच्या स्वयंअध्ययनामागेही शेवटी एका क्लासच्या नोट्सच निघतात, हे तर वडिलांच्या कानावर अजिबात जाऊ देऊ नका. उद्याच फी भरून येतील.

आता माझ्या भाच्याचं ऐका. तो घरी शिकणाऱ्यांतला. तीन महिने गडी ‘अ अधिक ब’ या कंसाचा वर्ग ‘अ वर्ग अधिक ब वर्ग’ असा लिहीत होता. व्हिडिओतल्या सरांना त्याची वही दिसत नव्हती. मी सहज म्हटलं, अ म्हणजे ३ आणि ब म्हणजे ४ घेऊन बघ. साताचा वर्ग ४९. त्याच्या पद्धतीने ९ आणि १६ मिळून २५. त्याने दोन्ही आकड्यांकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, ‘पण मामा, हे आकडे आहेत. ते बीजगणित आहे.’

मग जुन्या दिनदर्शिकेचं एक पान घेतलं. मागच्या कोऱ्या बाजूवर सात सेंटिमीटर बाजूचा चौरस काढला, कापला. त्यातून तीनचा चौरस एका कोपऱ्यातून कापला, चारचा समोरच्या कोपऱ्यातून. टेबलावर दोन पट्ट्या उरल्या, तीन बाय चारच्या, अगदी सारख्या. भाचा त्या उचलून एकमेकींवर ठेवून बघत राहिला. ‘बारा आणि बारा,’ तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, ‘टू एबी म्हणजे हे होय?’

असले प्रकार कटाक्षाने टाळा. आमचा त्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात क्लासमध्ये अकरा अपेक्षित प्रश्न उतरवून झाले असते आणि घरी दीडपट वेगाने दोन व्हिडिओ. शिवाय दिनदर्शिकेच्या त्या पानावर ताईने दुधाचा हिशोब लिहिला होता, ते वेगळंच.

आपल्याच जिल्ह्यातलं एक वाईट उदाहरण सांगून ठेवतो. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते, १९३० ते १९६२. शिक्षण बी.एस्सी.पर्यंत. दिवसा वर्गात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात एकटेच आकड्यांशी खेळत बसायचे, म्हणजे क्लास आणि स्वयंअध्ययन या आपल्या दोन्ही रकान्यांत हा माणूस बसतच नाही. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ हा आकडा सापडला. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच, तीन अंकीच आलं तर पुढे शून्य मांडून. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथेच अडकून बसतो. पुढे १९७५ मध्ये गणिताच्या गमतीजमती लिहिणाऱ्या अमेरिकेच्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगाला देवळालीचा पत्ता लागला. बोर्डाच्या पेपरात याला अर्धा गुणसुद्धा नाही, तेव्हा नादी लागू नका.

भाचा लागला. परवा द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकलो होतो. मागे बसून तो पुढच्या रिक्षाचा नंबर तळहातावर बॉलपेनने सोडवत होता. एमएच १५, पुढे काहीतरी, ३५२४. ‘५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ३७८... ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. आला! मामा, तिसऱ्यालाच आला!’ रिक्षावाल्याने वळून पाहिलं. गर्दी तसूभर हलली नव्हती, म्हणून याने डावीकडची स्कूटी घेतली, मग एक टेम्पो. तळहात संपून मनगटावर आला. एवढ्यात उजवीकडून एक काळी, टोलेजंग गाडी घुसली. नंबर ११११, वेगळे पैसे मोजून घेतलेला असणार.

भाच्याने पेन टेकवलं आणि थांबला. पुन्हा नंबरप्लेट बघितली. मग माझ्या कानाशी वाकून, काचेआडच्या साहेबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, ‘मामा, याचा पहिल्याच फटक्यात शून्य.’