मदरबोर्डातलं दहा ग्रॅम सोनं आणि गच्चीवरचं तेजाब

आमच्या विटा-आटपाडीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एक किलो मदरबोर्डातून 10 ग्रॅम सोनं. भांडवल फक्त तेजाब. परवाना नको. आपल्या गलाईवाल्यांच्या तर हातचा मळ!’ (गलाईवाले म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे.) माझ्या भाच्यानं तो वाचून भंगारवाल्याकडून बोर्डांची पोती आणली आणि तेजाबाच्या बाटल्यांसकट गच्चीवर नेऊन ठेवली. म्हणून हे लिहावं लागतंय.

दहा ग्रॅम? टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून बनवली, असं तोच मेसेज छाती फुगवून सांगतो. मग त्याचे आकडेही बघायचे होते. जपाननं 2017 ते 2019 या काळात 78,985 टन छोटी उपकरणं गोळा केली, त्यांत सुमारे 62 लाख मोबाईल होते. सोनं निघालं 32 किलो. ते सगळं मोबाईलमधूनच आलं असं धरलं, तरी एका फोनमागे पाच मिलिग्रॅम पडतं, म्हणजे दहा ग्रॅमला दोन हजार फोन. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा आकडा बराच उदार आहे, दहा लाख फोनमागे 34 किलो. त्या हिशोबानंही तीनशेच्या आसपास फोन लागतात. मेसेजातला फोटो तर कॉम्प्युटरच्या साध्या मदरबोर्डाचा. त्यात किलोमागे दोन दशांश ग्रॅम मिळालं तरी नशीब म्हणायचं.

गलाईवाल्यांचं म्हणाल, तर 22 कॅरेटच्या दागिन्यात मुळातच 91.6 टक्के सोनं असतं. त्यात चांदी घालून आटवायचं, तेजाबात चांदी-तांबं विरघळवायचं, सोनं तळाशी राहतं. बोर्डात काचतंतू, राळ, तांबं, कथिल, जुन्यात शिसं. दोन्हीकडे तेजाब लागतं, साम्य तेवढंच.

आता ज्या ओळीनं माझं डोकं फिरलं ती: ‘मोकळ्या हवेत केलं की धोका नाही, नंतर दूध-गूळ घ्यावं.’

बोर्डाचा साधारण पाचवा हिस्सा तांबं असतं, किलोत 200 ग्रॅम धरा. तीव्र नायट्रिक आम्लात, म्हणजे तेजाबात, एवढं तांबं विरघळलं की पाव किलोहून जास्त नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडू शकतो. आम्लराज (सोनं विरघळवणारं नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) करायची पाळी नंतरची, त्याआधीच तांबुस-तपकिरी धूर गच्चीभर. हा वायू पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे नाका-घशात न अडता खोल फुप्फुसात उतरतो. आधी थोडा खोकला, डोळ्यांची आग. मग बरं वाटतं, माणूस जेवून झोपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरायला लागतं आणि श्वास घेता येत नाही. दूध पोटात जातं हो, फुप्फुसात नाही! धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असतानाच दवाखान्यात जायचं आणि कशाचा धूर ते डॉक्टरांना सांगायचं. खाली अंगणात पोरं खेळतात, त्यांच्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.

परवान्याचं थोडक्यात. तेजाब वापरून धातू काढायचा तर जल आणि वायू कायद्यांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. शिवाय रिसायकलरला नोंदणी लागते, ते ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत.

एक गोष्ट खरी, नाइलाजानं कबूल करतो. टनभर खनिजापेक्षा टनभर मोबाईलमध्ये सोनं कितीतरी जास्त असतं. पण त्यावर धंदा उभा राहतो तो बेल्जियममधल्या होबोकेनसारख्या ठिकाणी, जिथे प्रचंड भट्ट्यांमध्ये तांबं, चांदी, पॅलेडियम सगळंच काढतात आणि धूर धुऊन सोडतात. तिथेही 2020 मध्ये आसपासच्या मुलांच्या रक्तात वाढलेलं शिसं सापडलं होतं.

भाच्याला सांगितलंय, बोर्ड फोडू नकोस. मोबाईलचे, कॉम्प्युटरचे, टीव्हीचे बोर्ड वेगळे कर आणि नोंदणीकृत रिसायकलरला वजनावर दे. तेजाबाच्या बाटल्यांचं सील तुटलेलं नाही, त्या दुकानदाराला परत कर. गटारात ओतायच्या नाहीत.