पंच्याण्णव टक्के आणि चेंडूची किंमत

दहावीचा निकाल लागला की आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरात पेढ्यांबरोबर एक वाक्यही घरोघरी फिरतं. "पोरगा हुशार आहे हो, 95 टक्के पडले!" पेढा मी आवडीने खातो, पण ते वाक्य काही घशाखाली उतरत नाही.

मार्कांचा आणि बुद्धीचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. (नापास झालेल्या थोरामोठ्यांच्या गोष्टींचाही कंटाळा आलाय.) मानसशास्त्रज्ञ इयन डियरी आणि सहकाऱ्यांनी 2007 साली इंग्लंडमधल्या 70,000हून जास्त मुलांची अकराव्या वर्षीची बुद्धिचाचणी आणि सोळाव्या वर्षीचे परीक्षेचे मार्क ताडून पाहिले. संबंध चांगलाच घट्ट निघाला, गणितात जास्त, चित्रकलेत बराच कमी. त्याआधी 2005 साली अमेरिकेत डकवर्थ आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांना आठवीच्या मुलांमध्ये मार्कांचं नातं आयक्यूपेक्षा स्वयंशिस्तीशी जास्त दिसलं. थोडक्यात, मार्कांत डोकं असतं आणि बैठकही असते. दोन्ही कौतुकाच्याच गोष्टी.

पण आपल्याच पहिल्या उत्तरावर शंका घेणं, ते यात कुठे आलं?

मनात आलेलं पहिलं उत्तर माणूस तपासून बघतो का, हे पाहणारी एक चाचणी संशोधक शेन फ्रेडरिक यांनी 2005 साली मांडली; तिच्यातलं एक कोडं मी शिकवणीच्या पोरांना रुपयांत घालतो. बॅट आणि चेंडू मिळून 110 रुपये. बॅट चेंडूपेक्षा 100 रुपयांनी महाग. चेंडू केवढ्याला? नव्वदीच्या वरचा एक पठ्ठ्या माझं वाक्य संपायच्या आत "दहा!" म्हणाला. आता चेंडू 10चा धरला तर बॅट 110ची, बेरीज 120. हे तपासायला त्याला पाच सेकंदं पुरली असती, गणित तर त्याला माझ्यापेक्षा बरं येतं. वर विचारतो, "काका, पण हे सिलेबसमध्ये आहे का?" अकरावीतली एक मुलगी, मार्क बेताचेच, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडत होती. तिने विचारलं, "फरक शंभरचा की बॅट शंभरची?" मग म्हणाली, "पाच." एका मुलीवरून मी सिद्धांत मांडत नाहीये. पण ते थांबून विचारणं प्रगतीपुस्तकाच्या कुठल्या रकान्यात बसतं, ते दाखवा.

सीबीएसईने 2024-25पासून अकरावी-बारावीच्या पेपरात 50 टक्के प्रश्न क्षमतेवर आधारित, म्हणजे पाठांतरापेक्षा समज वापरायला लावणारे केले. हेतू उत्तम. पण घोकंपट्टी भारी चिवट. विधान-कारणाचे प्रश्न पर्याय बघून कसे उडवायचे याच्याही युक्त्या क्लासवाल्यांकडे तयार आहेत. आणि तीन तासांच्या पेपरात जो थांबून शंका घेतो त्याचेच शेवटचे प्रश्न राहून जातात, मग थांबेल कोण?

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक घटक चाचणीत पाच मार्कांचा एक प्रश्न असा ठेवा: सोडवलेलं गणित द्या, त्यात एक चूक पेरा, ती कुठल्या पायरीवर आहे आणि का, ते मुलांना लिहू द्या. एका पालकसभेत मी हे सुचवलं. बाईंना पटलं, पण वर्गात चाळीसच्या वर पोरं, तपासायला वेळ कुठून आणायचा, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही खरं आहे. मागच्या रांगेतल्या एका बाबांनी मात्र लगेच विचारलं, "या पाच मार्कांचे नोट्स मिळतील ना?"