दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी कोण बोलणार?

आमच्या महाविद्यालयाच्या रॅगिंग प्रतिबंधक समितीत मी गेली नऊ वर्षे काम करतो आहे. या काळात घेतलेली व्याख्याने, लावलेले फलक आणि भरून घेतलेली प्रतिज्ञापत्रे आठवली, की आमचा जवळजवळ सगळा वेळ पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर गेला, हे लक्षात येते. ज्याला अजून वर्गखोल्याही सापडत नाहीत, अशा मुलाला आम्ही सांगतो, की तुझा छळ झाला तर तक्रार कर. पण ज्याने मागच्या वर्षी हेच व्याख्यान ऐकले, त्यानंतर महिनाभरात ज्याला मध्यरात्री उठवून भिंतीशी उभे केले गेले आणि जो यंदा दुसऱ्या वर्षात गेला आहे, त्याला आम्ही कधीच बोलावले नाही. माझ्या मते रॅगिंग थांबवायचे असेल तर सर्वांत आधी त्याच्याशी बोलावे लागेल, आणि तेही नवी मुले वसतिगृहात पाऊल ठेवण्यापूर्वी.

हे माझे मत स्वतःच्या अनुभवातून तयार झाले आहे. १९९३ साली मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून बारावी होऊन शहरातील वसतिगृहात राहायला गेलो. तेथे आमच्या भागाकडील मुलांचे एक विद्यार्थी मंडळ होते. मंडळ गणपती बसवत असे, जुनी पुस्तके पुढच्या मुलांना देत असे आणि कोणाचे खानावळीचे पैसे थकले तर गाजावाजा न करता वर्गणी काढत असे. माझ्या वडिलांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मंडळातील दोघांनी रक्त दिले आणि त्यांतील एक जण दोन रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला. हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण आमची ‘ओळख’ घेण्यात तोच पुढे होता.

ओळख म्हणजे काय, हे वसतिगृहात राहिलेल्यांना सांगावे लागणार नाही. रात्री जेवणानंतर सगळ्या नव्या मुलांना एका खोलीत बोलावत. नजर स्वतःच्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची, वर बघायचे नाही. घरून आणलेले लाडू आधीच सिनियर मुलांनी वाटून खाल्लेले असत. मग आपला परिचय ‘शुद्ध’ मराठीत द्यायचा, आणि त्यात ‘मले’ किंवा ‘कायले’ आले, की प्रत्येक शब्दामागे दहा उठाबशा. आमच्या गावात वयाने मोठ्या कोणालाही ‘भाऊ’ म्हणतात; येथे ‘भाऊ’ म्हटले तर आणखी दहा, कारण ‘सर’ म्हणायचे असे ठरलेले होते. त्यानंतर आडनाव, मग बारावीचे गुण, मग शिष्यवृत्ती कोणती मिळते, असे तीन प्रश्न ओळीने येत. त्या तीन प्रश्नांतून नेमके काय विचारले जात होते, हे खोलीतील प्रत्येकाला कळत होते आणि ज्यांना उत्तर देताना मान आणखी खाली घालावी लागली, त्यांच्याकडे मी तेव्हा पाहिले नाही. माझी पाळी अर्ध्या तासात आटोपली. शेवटी चहा मिळाला, पाठीवर थाप पडली आणि “आता तू आपला” असे कोणीतरी म्हणाले. त्या रात्री मला आनंद झाला होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण सगळी गाठ त्या आनंदात आहे.

पुढच्या वर्षी घाटंजीकडील एक मुलगा आला. शांत होता, गणितात आमच्यापेक्षा कितीतरी हुशार होता, पण ‘मले’ हा शब्द काही केल्या त्याच्या जिभेवरून उतरत नव्हता. त्याची ओळख तीन रात्री चालली. मी त्याला हात लावला नाही, एक शब्दही बोललो नाही. मी दाराशी उभा होतो, कारण रेक्टर येतात का ते पाहण्याचे काम माझ्याकडे होते. चौथ्या दिवशी सकाळी त्याने पेटी बांधली आणि म्हणाला, “मी जातो बाप्पा घरी. मले नाई जमत हे.” त्याची वळकटी एसटी स्टँडपर्यंत मीच उचलून नेली. वाटेत दहा मिनिटे आम्ही सोबत चाललो, आणि तेव्हाही मला काही बोलता आले नाही. आज तो शेती करतो. हंगामात कापसाच्या बाजारात भेटतो, मुलाबाळांची विचारपूस करतो. तो विषय त्याने कधी काढला नाही आणि मीही काढला नाही.

मी का बोललो नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्यापैकी बहुतेक मुले दुष्ट नव्हती. काही जण उट्टे काढत होते, हे खरे. परंतु त्याहून मोठे कारण असे, की आदल्या वर्षी आपल्यावर जे झाले ते चुकीचे होते असे मान्य केले, तर मिळालेला चहा, पाठीवरची थाप आणि त्या रात्रीचा आनंद या सर्वांचीच लाज वाटू लागते. त्यापेक्षा त्याला परंपरा म्हणणे सोपे जाते. म्हणूनच दुसऱ्या वर्षाचा मुलगा हा रॅगिंगचा सर्वांत उत्साही राखणदार असतो, आणि त्याच्या मनातील ही गाठ सोडवल्याशिवाय भिंतीवर कितीही फलक लावले तरी फारसा फरक पडत नाही. आपल्या संघटनेत नव्याने येणाऱ्याला आधी वाकवावेच लागते, असेही नाही. विदर्भातील गावोगावी गुरुदेव सेवा मंडळे आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने म्हणणाऱ्या या मंडळींत नवा मुलगा आला, तर त्याला सतरंजीवर जागा करून देतात आणि हातात खंजिरी देतात. ताल चुकला तर शेजारचा हळूच सांभाळून घेतो. माझ्या गावातील मंडळात मी असाच बसू लागलो होतो, आणि तरीही वसतिगृहातील ती रात्र मला स्वाभाविक वाटली, याचे आज नवल वाटते.

कायद्याची उणीव आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. महाराष्ट्राने १९९९ मध्येच रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला. दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि दोषी ठरल्यास पाच वर्षे कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही, अशी त्यात तरतूद आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते आणि त्याने दुर्लक्ष केले, तर ते गुन्ह्याला साथ दिल्यासारखे मानले जाते. एखादा विद्यार्थी एरवी जे स्वखुशीने करणार नाही, ते त्याला करायला लावणे हेही या कायद्याने रॅगिंगच आहे. आमच्या उठाबशा त्यात अगदी नेमक्या बसतात. पुढे मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी सिनियर मुलांच्या मारहाणीनंतर मरण पावला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम लागू केले. त्यांतील प्रतिज्ञापत्रे आणि भरारी पथके सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याच विनियमांत असेही म्हटले आहे, की प्रत्येक संस्थेने शैक्षणिक वर्ष संपतानाच, पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक कक्ष तयार करावा आणि दर सहा नव्या मुलांमागे एक मार्गदर्शक असावा. ही तरतूद मी समितीत येऊन सात वर्षे झाल्यावर पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचली, याचा मला खेद आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला राखणदारीऐवजी दुसरे काम देण्याचा मार्ग त्यात आधीच लिहून ठेवलेला होता.

आणखी एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. तक्रार झाली, की आपण एकदोन मुलांना निलंबित करतो. मंडळ तसेच राहते, अध्यक्ष बदलतो आणि पुढच्या वर्षीची ओळख नव्या खोलीत, किंवा आता व्हॉट्सॲपच्या गटात, सुरू होते. अमेरिकेत विद्यार्थी संघटनांमधील अशा प्रकारांविरुद्ध डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार जी संघटना दोषी आढळली, तिचे नाव महाविद्यालयाने जाहीर अहवालात द्यायचे आहे. तसेच ज्याच्यावर हा प्रकार झाला तो स्वतः तयार होता की नव्हता, याने व्याख्येत फरक पडत नाही. आपल्याकडे समितीपुढे सर्वाधिक वेळा येणारे उत्तर “सर, तो तर तयारच होता” हेच असते. मीही तयारच होतो. अठरा वर्षांचा, परक्या शहरात एकही ओळखीचा माणूस नसलेला मुलगा आणखी काय म्हणणार?

गेल्या मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, आम्ही प्रथमच वसतिगृहातील मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि पहिले वर्ष संपवणाऱ्या मुलांना एकत्र बसवले. व्याख्यान ठेवले नाही. तुमच्या पहिल्या महिन्यात काय झाले, एवढेच विचारले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलाने काहीशा रागाने विचारले, “आम्ही सहन केलं ना सर, मग त्यांनी केलं तर काय बिघडलं?” मी त्याला घाटंजीकडील मुलाची गोष्ट सांगितली, दाराशी कोण उभे होते तेही सांगितले. त्याला ते पटले की नाही, हे मला कळले नाही. मार्गदर्शक होण्यासाठी त्याने नाव दिले नाही. अकरा जणांनी दिले. मंडळांचे स्वागत कार्यक्रम आता दुपारी चार वाजता, सभागृहात, रेक्टर आणि खानावळीतील मावशींच्या उपस्थितीत होतील आणि कार्यक्रमात काय काय असेल ते आधी लिहून द्यावे लागेल, हेही त्या बैठकीत ठरले. यावर दोन मंडळे नाराज आहेत.

ज्यांची मुले यंदा गाव सोडून शिकायला जात आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रवेशाच्या दिवशी रेक्टरांना किंवा गृहपालांना भेटून, माझ्या मुलाचा मार्गदर्शक विद्यार्थी कोण, हे नावानिशी विचारा आणि त्या विद्यार्थ्याला तेथेच बोलावून घ्या. त्याच्या गावाची, घरच्यांची चौकशी करा, जमल्यास घरून आणलेला डबा त्याच्यासमोर उघडा. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ हा आहे आणि तो चोवीस तास सुरू असतो. तो मुलाच्या आईच्या मोबाइलमध्येही नोंदवून ठेवा. पहिले काही आठवडे मुलगा फोनवर फक्त “बरा आहे” एवढेच बोलू लागला, तर रविवारची वाट न पाहता मिळेल त्या गाडीने त्याला भेटायला जा.