किलोमीटरप्रमाणे कर लावायचाय? मग सुरुवात वजनकाट्यापासून करा

गाडी जेवढी चालेल तेवढा कर, असं नुसतं म्हटलं तरी लोक दचकतात. जणू आजवर सगळे फुकटच फिरत होते! हिशोब करून बघा. २०२५ चे दर धरू. पेट्रोलवर केंद्राचा उत्पादन शुल्क लिटरला २१ रुपये ९० पैसे. वर राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे. पंपावरचा भाव १०५ धरला तर दोन्ही सरकारांचे मिळून साधारण ४७ रुपये होतात. ५० चं अ‍ॅव्हरेज देणारी मोटारसायकल म्हणजे किलोमीटरला ९४ पैसे कर. १६ ची कार असेल तर २ रुपये ९४ पैसे. तीच कार समृद्धी महामार्गावर चढली की एप्रिल २०२५ पासूनच्या दराने किलोमीटरला आणखी २ रुपये ६ पैसे. म्हणजे किलोमीटरचा कर आपण भरतोच आहोत, फक्त त्याची पावती पेट्रोलच्या नावाने फाटते.

परभणीकरांना तर हे वेगळं सांगायला नको. मनमाडहून टँकर येईपर्यंत भाव चढतो, आणि व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे भाव चढा तिथे करही चढा.

आता यातून सुटलंय कोण? बॅटरीवरची गाडी. पंपावर ती जातच नाही, आणि राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणाने तिला समृद्धीवर टोलही माफ केलाय. सुरुवातीला उत्तेजन म्हणून हे ठीक आहे. पण गाड्या वाढतील तसं पंपावरचं उत्पन्न आटणार आणि भार पडणार उरलेल्यांवर, म्हणजे जुनी पेट्रोल गाडी बदलायची ऐपत नसलेल्यांवर. म्हणून किलोमीटरच्या कराला माझा विरोध नाही. तो कसा मोजणार आणि कुणापासून सुरू करणार, एवढ्यावरच माझं भांडण आहे.

मोजायचे मार्ग तीन.

पहिला उपग्रहाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग शुल्काचे नियम बदलले आणि उपग्रहावरून अंतर मोजणारं यंत्र बसवलेल्या गाडीला रोज प्रत्येक दिशेने २० किलोमीटर मोफत, अशी तरतूद आली. नॅशनल परमिटची वाहनं त्यातून वगळली. त्यानंतर १ मे २०२५ पासून देशभर उपग्रह टोल लागणार अशी आवई उठली, तेव्हा मंत्रालयालाच खुलासा करावा लागला की तसं काही ठरलेलं नाही. अडचण तंत्राची आहे. साध्या जीपीएसची जागा पाच-दहा मीटर इकडेतिकडे होते, आणि हायवे नि त्याचा सर्व्हिस रोड यांत बऱ्याच ठिकाणी तेवढंच अंतर असतं. मग सर्व्हिस रोडने मोंढ्यात निघालेला माणूस हायवेवर होता की नव्हता, हे कोण ठरवणार? कन्नडच्या घाटात डोंगराच्या आडोशाला सिग्नल तुटला की मधले किलोमीटर अंदाजाने जोडावे लागतात. शिवाय यंत्राची वायर काढणं हे दोन मिनिटांचं काम. आणि माणूस कुठे कुठे गेला याची नोंद सरकारदरबारी जमा होते ती वेगळीच.

दुसरा मार्ग फास्टॅगचा. समृद्धीवर आज अंतराप्रमाणेच पैसे कापले जातात. चढताना टॅग वाचला, उतरताना वाचला, मधलं अंतर गुणिले दर. हे चालतं, कारण तो रस्ता दोन्ही बाजूंनी बंद आहे, इंटरचेंजशिवाय चढताच येत नाही. गंगाखेड-पालम रस्त्याला किती ठिकाणी फाटे फुटतात, ते मोजून बघा. तिथे ही पद्धत लावायची तर दर फाट्यावर कॅमेरा हवा.

तिसरा मार्ग गाडीतल्या मीटरचा. हा सगळ्यात गावठी आणि म्हणूनच मला सगळ्यात बरा वाटतो. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांसाठी १९७० च्या दशकापासून हेच चालू आहे. हजार-हजार किलोमीटर आगाऊ विकत घ्यायचे. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर, त्यांचे. १ एप्रिल २०२४ पासून बॅटरीच्या गाड्याही त्यात आल्या. प्लग-इन हायब्रिडला मात्र निम्मा दर, ३८ डॉलर, कारण ती पंपावर थोडा कर भरते. हा बारकावा आपल्याकडे आधी लिहून घ्यायला हवा. एकाच किलोमीटरवर दोनदा वसुली नको.

मीटरच्याही खोडी आहेत. जुन्या मोटारसायकलची केबल काढली की काटा थांबतो. डिजिटल मीटर मागे घेऊन देणारे तर दर शहरात बसलेत. टायर मोठे टाकले की घेर वाढतो, चाकाचे फेरे कमी होतात. घेर पाच टक्के वाढला तर मीटर जवळपास तेवढेच टक्के कमी दाखवतो. आणि रीडिंग घ्यायचं कुठे? पीयूसी काढताना घ्या म्हणाल, तर बॅटरीच्या गाडीला पीयूसी लागतच नाही, आणि कर तर तिच्यावरच लावायचाय. म्हणून जागा एकच उरते, विम्याच्या नूतनीकरणाची. जेवढी चालवाल तेवढा हप्ता, अशा जोड-पॉलिसीला विमा नियामकाने जुलै २०२२ मध्येच वाट करून दिली. त्यात मीटरचं रीडिंग लागतंच. दरवर्षीचं रीडिंग नोंदीत राहिलं की मीटर मागे घेणारा दुसऱ्याच वर्षी सापडतो.

आणखी एक सूचना नेहमी येते. मागास भागाला सवलत द्या. किनवटच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी नांदेडला यायचं तरी एका बाजूने शंभराच्या वर किलोमीटर. हिंगोलीच्या पक्षकाराला खंडपीठासाठी थेट संभाजीनगर. हे अंतर कुणी हौसेने कापत नाही, मान्य. पण तालुका बघून सवलत दिली की सहा महिन्यांत निम्म्या शहरी गाड्या एमएच ३८, म्हणजे हिंगोली पासिंगच्या दिसतील. त्यापेक्षा दुचाकीला या करातून सरळ बाहेर ठेवा. पेट्रोलची दुचाकी पंपावर भरतेच आहे, बॅटरीची दुचाकी रस्त्याचं काही बिघडवत नाही.

मुख्य मुद्दा हाच आहे, रस्ता बिघडवतं कोण? अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून झीज मोजली गेली. त्यातून निघालेला ठोकताळा असा: झीज आसावरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वजन वाढलं तेरा टक्के, पण या ठोकताळ्याने झीज वाढली साठ टक्क्यांहून जास्त. कारच्या आसावर पाऊण टनाच्या आत वजन येतं. सातशे किलो धरा आणि ट्रकच्या ११.५ टनांच्या आसाशी ताडून बघा, फरक सत्तर हजारपटींच्या वर जातो.

आणि कर? २०२५ च्याच दराने डिझेलवर केंद्राचे १७ रुपये ८० पैसे, राज्याचा २१ टक्के व्हॅट. भाव ९२ धरला तर लिटरमागे ३४ च्या आसपास. लिटरला ४ किलोमीटर जाणारा ट्रक किलोमीटरला साडेआठ रुपये भरतो, म्हणजे कारच्या तिप्पटही नाही. सत्तर हजारपट कर लावा असं कुणीच म्हणणार नाही, तुरीच्या डाळीचा भाव शेवटी त्याच ट्रकच्या भाड्यावर ठरतो. पण कारवाल्याच्या मीटरकडे बोट दाखवून रस्त्याचा खर्च निघेल, हेही खोटंच.

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. खाली मुरमाचा जाड थर नसेल तर जो आस मुरमाड माळावर रस्त्याला फारसं काही करत नाही, तोच आस इथे एका हंगामात चाकोरी पाडतो. ऊस सुरू झाला की साखर कारखान्यांकडे जाणारे रस्ते बघा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही वाढ्यापर्यंत भरलेल्या.

इथे मात्र गाडीतला मीटर कामाचा नाही. ट्रॅक्टरचा मीटर किलोमीटर मोजत नाही, इंजिनाचे तास मोजतो, आणि त्यात नांगरटीचे तासही आले. शेतातल्या आणि पाणंदीतल्या चालण्यावर कर लावायचा नसतो. न्यूझीलंडमध्ये जड वाहनाच्या चाकाच्या मध्यावर हबोडोमीटर नावाचं सीलबंद यंत्र बसवतात. ते चाकाचे फेरे मोजतं, त्याला वायर लागत नाही. जड ट्रेलरला तर ते स्वतंत्र असतं आणि करही स्वतंत्र. ट्रॉलीला तेच बसवता येईल. ट्रॉली काही नांगरट करत नाही.

खरं तर उसापुरती त्याचीही गरज नाही. कारखाना वाहतुकीचं बिल काढतो तेच टन आणि अंतर बघून. कुठल्या गटातून ऊस आला, किती किलोमीटरवरून आला, भरलेली ट्रॉली काट्यावर किती आणि रिकामी किती, हे प्रत्येक खेपेला लिहिलं जातं. टन गुणिले किलोमीटर हा आकडा दर हंगामात तयार असतो. ज्याला अंतराचा कर आणायचाय त्याने पहिला प्रयोग तिथे करावा. वसुली कारखान्याकडून व्हावी, शेतकऱ्याच्या बिलातून कापू नये, आणि पैसा त्याच रस्त्यांच्या मुरमावर पडावा. कारवाल्यांच्या मीटरकडे त्यानंतर बघू.