‘अमेरिकन ॲप काढलं तर जर्मन शिकणार कुठून?’

नाशिकमधल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, अमेरिकन ॲप सोडण्यात अर्थ नाही असं सांगणारा एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: भाषा शिकवणारी चांगली ॲप सगळी अमेरिकनच, बाकीची महागडी, फोनच गुगलवर चालतो, मग मालक कशाला बघायचा, आणि इंग्रजी कच्चं असेल तर कुठलंच ॲप कामाचं नाही. मी इथे जर्मन शिकवते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगच्या मुली जास्त येतात. हा मेसेज वाचून त्या हिरमुसतात, म्हणून हे लिहितेय.

‘सगळी अमेरिकनच’ हे खोटं आहे. ड्युओलिंगो पिट्सबर्गची, रोझेटा स्टोनही अमेरिकन. पण बाबेल बर्लिनची, २००७ पासूनची. मेमराइझ लंडनची, लिंगक्यू कॅनडाची. मोंडली रोमानियात सुरू झाली आणि २०२२ मध्ये ब्रिटनच्या पिअरसनने घेतली. मात्र स्वदेशीच्या उत्साहात फिरणाऱ्या उलट्या याद्याही तपासून घ्या. त्यांत बुसू ‘स्पॅनिश’ म्हणून सर्रास दिसते. ती माद्रिदमध्ये सुरू झाली हे खरं, पण चेग या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. २०२२ च्या सुरुवातीला व्यवहार पूर्ण झाला. जमीन कुठली ते विचारून भागत नाही, आज सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघावं लागतं. ॲपच्या प्रायव्हसी पॉलिसीत कंपनीचं नाव असतं. त्या कंपनीची मालकी कोणाकडे, एवढं शोधायला पाच मिनिटं पुरतात.

महागडी? बाबेलला पैसे पडतात, हे कबूल. पण डॉइच वेले या जर्मन सार्वजनिक प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा कोर्स पूर्ण फुकट आहे, ए१ या अगदी सुरुवातीच्या पातळीपासून बी१ या मधल्या पातळीपर्यंत. जपानी शिकायचं असेल तर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे धडे हिंदीतून मिळतात, तेही फुकट.

गुगलचं म्हणाल तर अँड्रॉइड फोनवर ते टळत नाही. पण हे दोन्ही कोर्स वेबसाइटवर चालतात, ॲप टाकावंच लागत नाही. सगळंच जमत नाही म्हणून जमतं तेही सोडायचं, हे मला पटत नाही.

राहिलं इंग्रजी. इथेच मुलींचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. परवा एक मुलगी रडकुंडीला आली होती. जर्मन नामांआधी लिंगाप्रमाणे लागणारे डेर, डी, दास डोक्यात बसेनात, कारण ॲप सगळं इंग्रजीतून समजावत होतं आणि इंग्रजीत नामांना असं लिंगच नाही. हिंदीत दोनच. मराठीत तीन! तिला म्हटलं, “तो, ती, ते म्हण.” मग तिने विचारलं, “मॅडम, मुलगी म्हणजे मेडशेन, मग ते ‘दास’ कसं?” मी विचारलं, “आपलं लेकरू काय?” ती म्हणाली, “ते लेकरू.” “कोकरू? वासरू?” ती हसायलाच लागली. ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपल्या लेकरा-वासरांची तीच गत. प्रत्येक शब्दाचं लिंग जुळत नाही. आपली सुरी ‘ती’, त्यांची ‘दास मेसर’. ते पाठच करावं लागतं. तिने वहीत तीन रकाने आखले, वर तो, ती, ते लिहिलं आणि निकोच्या पहिल्या धड्यातले शब्द त्यात भरायला घेतले.